झालंच, ताई

आमचं औषधांचं गोदाम मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. पाटीवर शामलदास गांधी मार्ग असलं तरी औषधाच्या धंद्यातलं कुणी तसं म्हणत नाही. मरीन लाइन्सला उतरून चालत यायचं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास यायला लागला की समजायचं पोचलो. इमारत जुनी, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), लाकडी जिन्याची. मागच्या बाजूला दोन वर्षं टेकू लावलेले. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघाली की शेठ पेपरात बोट फिरवत ती वाचायचे. २०२३च्या जानेवारीत छताचा एक पोपडा सलाइनच्या खोक्यांवर येऊन पडला आणि शेठनी यादीची वाट बघणं सोडलं. पंधरा दिवसांत भिवंडीजवळ एक गाळा भाड्याने घेतला आणि मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सगळा माल तिकडे न्यायचाय. तू बघून घे."

"तू बघून घे" हेच माझं नेमणूकपत्र.

मी बारा वर्षं तिथे हिशेब बघत होते. मीच का, तर दोन वर्षांपूर्वी दादरला रविवारच्या वर्गाला जाऊन मी प्रकल्प व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट घेतलं होतं आणि पेढे वाटून ते सगळ्यांना सांगितलंही होतं. पेढे महागात पडले.

वर्गात शिकवलेलं मला सगळं आठवत होतं. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केलेला आडव्या पट्ट्यांचा तक्ता. ड्यूपाँट कंपनीत १९५७च्या सुमारास बसवलेला क्रिटिकल पाथ, म्हणजे कामांची अशी साखळी की तिच्यात एक दिवस गेला तर अख्ख्या प्रकल्पाचा एक दिवस जातो. मी एक्सेलमध्ये ४७ ओळींचा तक्ता केला. परवाना, रॅक, कोल्ड रूम, वायरिंग, कॉम्प्युटर, गाड्या, प्रत्येकाला वेगळा रंग. स्थलांतराची तारीख काढली १३ मे, दुसरा शनिवार. ही तारीख तरी मी विचार करून काढली होती. महिनाअखेरीला कंपन्यांचं क्लोजिंग असतं, त्यांचे प्रतिनिधी टार्गेटसाठी आमच्या दारात माल ओतून जातात. पहिल्या आठवड्यात परतीचा माल आणि क्रेडिट नोटा. राहिला दुसरा आठवडा.

औषधाचं गोदाम हलवणं म्हणजे घर बदलणं नव्हे. घाऊक विक्रीचा परवाना, आमच्या भाषेत वीस-बी आणि एकवीस-बी, हा माणसाला नाही तर जागेला असतो. नव्या जागेचा परवाना हातात येईपर्यंत तिथे विक्रीची एक गोळी ठेवता येत नाही. परवान्यासाठी जागेचा नकाशा, भाडेकरार, फ्रीज किंवा कोल्ड रूमचं बिल, आणि तिथे प्रत्यक्ष हजर राहणारी पात्र व्यक्ती लागते. मग अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येऊन जागा बघतात. आमच्या फार्मासिस्ट मॅडम ठाण्याच्या, त्यांना भिवंडी सोयीची, त्या खूश. बाकी सगळे गप्प.

त्या गप्प बसण्याकडे मी लक्ष दिलं नाही. माझ्याकडे तक्ता होता.

दर सोमवारी सकाळी दहाला मी सगळ्यांना बसवायची, कटिंग मागवायची आणि यादी वाचायची. रॅक? "झालंच, ताई." कोल्ड रूम? "झाल्यातच जमा." वायरिंग? "होऊन जाईल." मी पट्ट्या हिरव्या करत जायची. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तक्ता पावसाळ्यानंतरच्या माळशेज घाटासारखा दिसत होता.

'झालं' आणि 'झालंच' यांत फरक एका अक्षराचा. शाळेत शिकवतात तो 'च' ठामपणाचा. मीच, आजच, हेच. क्रियापदाला लागला की मात्र तो उलटा फिरतो. 'आलोच' म्हणणारा माणूस अजून घरातून निघालेला नसतो. 'झालंय' म्हणजे बहुतेक झालं, जाऊन बघावं लागेल. 'झालंच' म्हणजे सुरू केलेलं आहे. 'झाल्यातच जमा' म्हणजे अडलंय, पण दुसऱ्या कुणाकडे. आणि 'होऊन जाईल' या वाक्यात करणारा माणूसच नसतो, ते पावसासारखं आपोआप व्हायचं असतं. मला हे कळत नव्हतं असं नाही. नवऱ्याचा 'आलोच' मला बरोबर कळतो, मी त्यात डोंबिवलीपर्यंतची तीन स्टेशनं धरून कुकर लावते. ऑफिसात मात्र मी याच शब्दांना टक्के लावत बसले होते. 'झालंच' म्हणजे ९०.

१ मेला सुट्टी होती. नवऱ्याच्या मागे बाइकवर बसून कल्याण, कोन करत गाळा बघायला गेले. सहज, असं घरी सांगितलं होतं. खरं तर आदल्या रात्री झोप लागली नव्हती.

शटर वर केलं. रॅक उभे होते, पण एकाचाही पाय जमिनीला बोल्टने बसवलेला नव्हता. हात लावला की लोखंडी सांगाडा झोपाळ्यासारखा डुलायचा. कोल्ड रूमचा पांढरा डबा कोपऱ्यात छान बसवलेला, दाराला प्लास्टिकही तसंच. त्याची जाड केबल भिंतीवर सेलोटेप लावून लटकवलेली. विजेचा मीटर जुन्या, कमी लोडचाच. नवरा आत फिरून आला आणि म्हणाला, "जागा मोठी आहे गं." मी एका खोक्यावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. रॅकवाल्याने रॅक उभे करून दिले होते. बोल्टसाठी जमिनीत भोकं पाडायची तर मोठं ड्रिल लागतं, ते जुन्या मीटरवर चालवलं की फ्यूज उडत होता, म्हणून तो इलेक्ट्रिशियनची वाट बघत होता. इलेक्ट्रिशियन वाढीव लोड मंजूर व्हायची वाट बघत होता. आणि लोडच्या अर्जाला भाडेकराराची प्रत जोडायची होती, तिची तो वाट बघत होता. प्रत कुणाकडे मागितली होती? त्याने मोबाइल पुढे केला. १२ एप्रिलचा मेसेज. "मॅडम, ॲग्रीमेंटची कॉपी पाहिजे." खाली माझं उत्तर होतं, "पाठवतेच."

करारनामा माझ्या ट्रेमध्ये होता. वरून तिसरा कागद.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण ते वगळून हा अनुभव लिहिण्यात अर्थ नाही. प्रत लगेच पाठवली आणि शेठना सहा दिवस काहीच सांगितलं नाही. तक्ता तसाच हिरवा ठेवला. मनात गणित चालू होतं. लोड चार दिवसांत आला तर, रॅकवाला रात्री काम करेल तर, निरीक्षक त्याच आठवड्यात आले तर. तीन 'तर' एकावर एक रचून मी १३ मेचा बंगला उभा ठेवला होता. त्या सहा दिवसांत गाड्यांना आगाऊ पैसे गेले आणि दोनशे केमिस्टना 'शनिवारी डिलिव्हरी बंद' असा मेसेज गेला. तो मीच टाइप केला.

८ मेला केबिनमध्ये गेले. १३ तारीख जमणार नाही असं सांगितलं. शेठ चिडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाले, "मला ठाऊक हाय. इलेक्ट्रिकवाल्याचं बिल कुठे आलं? काम झालं असतं तर तो पहिले बिल घेऊन येतो. बिल नाय म्हणजे काम नाय. अकाउंटवालीला एवढं तरी कळायला पाहिजे ना?"

बारा वर्षं मी त्या टेबलावर बिलांचा ढीग उपसत होते. कुठलं काम पुरं झालं हे सांगणारा सगळ्यात प्रामाणिक कागद माझ्याच हाताखाली होता, आणि मी सोमवारी लोकांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

नवी तारीख १० जून. पुन्हा दुसरा शनिवार, पण आता पावसाच्या तोंडावर. तक्त्यातले रंग मी काढून टाकले आणि शेवटी एक रकाना जोडला. 'पाहिलं कोणी'. ज्याने काम केलं त्याचं नाव तिथे चालणार नाही, दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी बघून सही करायची. लोकांना हे आवडलं नाही. बिलिंगवाली ताई, जिच्याबरोबर मी बारा वर्षं डबा खाल्ला, ती तोंडावर म्हणाली, "म्हणजे आता आमच्यावर पहारा." तिचं चूक नव्हतं. म्हणून पहिल्या पाच ओळी माझ्या कामांच्या टाकल्या आणि बघायला तिचं नाव लिहिलं. तिने पहिल्याच दिवशी माझी एक चूक काढली. जीएसटीच्या नोंदणीत भिवंडीची जागा धंद्याचं जादा ठिकाण म्हणून मी जोडली होती, पण पिनकोड चुकीचा टाकला होता. त्या दिवसापासून तिने तो रकाना आपला मानला. सोमवारची बैठक तासाची होती ती वीस मिनिटांवर आली, कारण "झालंच" म्हणण्यात काही उरलं नव्हतं. डबा मात्र आम्ही पुन्हा पूर्वीसारखा खाल्ला नाही. माझ्यासमोर शेठच्या नकला करायच्या सगळ्यांनी बंद केल्या.

आता मामांविषयी.

मामा आमचे गोदामकीपर. एकतीस वर्षं. राहायला ठाकूरद्वारच्या चाळीत, कामावर दहा मिनिटांत चालत. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक औषधाला रॅक नंबर होता आणि त्याप्रमाणे गेलं तर दहातल्या चार वेळा वेगळंच काहीतरी हाती लागायचं. ऑर्डर मात्र कधी अडली नव्हती, कारण ती मामा काढायचे. भिवंडीत रॅक लावायचे तर आधी हा नकाशा मामांच्या डोक्यातून कागदावर यायला हवा होता. मी वही घेऊन समोर बसले. "मामा, अमुक इंजेक्शन कुठे असतं?" मामा बराच वेळ विचार करून म्हणाले, "असतं की. तिकडे." हात पंख्याच्या दिशेने. दोन दिवस असेच गेले. ते लपवत आहेत, असं आमच्या आयटीवाल्या पोराचं ठाम मत होतं.

तिसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी मी बाजूला उभी राहून बघत होते. बिलाचा कागद हातात आला की मामा तो पुरता वाचतही नव्हते. पाय चालायला लागायचे. वाकून खालून दोन, चार पावलांवर वरून एक, परत येताना डाव्या हाताने एक. मग लक्षात आलं, त्यांना विचारून सांगता येत नाही, ऑर्डर दिली की येतं. आम्ही खोट्या ऑर्डरी छापल्या. दिवसाला साठ, प्रत्येकीत दहा नगांच्या ओळी. मामा माल काढायचे, मागून पोरगा मोबाइलवर शूटिंग करत आणि खडूने आकडे टाकत फिरायचा. नऊ दिवसांत सगळं गोदाम खडूने भरलं. त्यातून जे दिसलं ते कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. चालू माल कमरेच्या उंचीला, दाराच्या तीन पावलांत. दिसायला सारख्या पट्ट्यांची औषधं मुद्दाम एकमेकांपासून लांब, म्हणजे घाईत चुकून हात जाणार नाही. प्रत्येक खणात आधी एक्सपायरी होणारा बॅच डाव्या हाताला. का, तर मामा डावरे. हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं.

भिवंडीला येणार का, असं मी त्यांना मार्चमध्ये विचारलं होतं. "होऊन जाईल, ताई," म्हणाले होते, आणि मी त्यांच्या नावापुढे 'हो' लिहिलं होतं. विरारच्या दोघांनी आणि बोरिवलीच्या एकाने सरळ नाही म्हटलं होतं. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते, पण तीच उत्तरं सगळ्यात कामाची निघाली, त्यांच्या जागी माणसं बघायला वेळ तरी मिळाला. ठाणे स्टेशनहून कंपनीची गाडी असेल, असं मी बाकीच्यांना सांगून टाकलं होतं, शेठना न विचारता. ते प्रकरण वेगळंच. गाडी शेवटी मिळाली, पण एका फेरीची. परतीचं आपलं आपण बघायचं.

मेच्या शेवटी मी मामांना पुन्हा विचारलं. "मामा, होऊन जाईल की येणार?" ते रुमालाची घडी घालत होते. ठाकूरद्वारहून चर्नी रोड, दादरला उतरून पूल चढून सेंट्रलला, ठाण्याला उतरून पुढे शेअर रिक्षा. त्यांनी हे सगळं एका रविवारी स्वतः करून बघितलं होतं, दोन तास दहा मिनिटं, असं त्या दिवशी कळलं. म्हणाले, "माल पोचवायला येईन. रोज नाही येणार." मी ग्रॅच्युइटी काढली. शेवटच्या पगाराला २६ने भागायचं, १५ने गुणायचं, वर्षांनी गुणायचं. एकतीस वर्षांचा आकडा दीड मिनिटात आला. स्थलांतरानंतर महिनाभर आठवड्यातले तीन दिवस रोजावर यायचं ठरलं.

जिन्याची गोष्ट मुकादमाने शिकवली. मी आधी एका पॅकर्सवाल्याशी बोलले होते. ते कळल्यावर आमच्या गल्लीतल्या माथाडी टोळीचे मुकादम वर आले. साताऱ्याकडचे, हळू बोलणारे. गल्लीतला माल टोळीच चढवते-उतरवते. माथाडी कायदा १९६९चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. मजुरी माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून त्यांचा फंड आणि बोनस. हे मी दर महिन्याला भरत होते आणि तरी तक्त्यात 'लोडिंग' पुढे पॅकर्स लिहून मोकळी झाले होते. मुकादमांनी भांडण केलं नाही. तक्ता दाखवा म्हणाले. मी दाखवला. दहा माणसं, तासाला प्रत्येकी वीस फेऱ्या, ४१०० खोके, वीस तास.

"ताई, जिना कितव्या पायरीवर वळतो?"

मला माहीत नव्हतं. रोज चढत होते.

"चौदाव्या. तिथं खोकं घेतलेला माणूस वळला की वर जाणाऱ्याला थांबावं लागतं. तुमच्या वीस तासांचे चाळीस होतील." मग म्हणाले, चालायचंच कशाला? एकेक पायरी सोडून माणूस उभा करा, माल हातोहात खाली येतो. खाली गाडीत चढवायला आणि लावायला टोळीच राहील, तो त्यांचा हक्क. जिन्यावर तुमची माणसं उभी करायची तर करा. क्रिटिकल पाथ मी परवान्यात आणि कोल्ड रूममध्ये शोधत होते. तो सव्वीस पायऱ्यांचा निघाला.

परवाना ६ जूनला हातात आला. निरीक्षकांनी एकच गोष्ट काढली होती, दोन रॅक भिंतीला चिकटलेले होते, ते हात-दीड हात पुढे घ्यायला लावले. बाकी सगळ्यावर दुसऱ्याची सही होती, आणि खरोखर बघून केलेली होती.

त्याच दिवसांत अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ घोंघावत होतं. शेठ पंचांग आणि हवामान खातं दोन्ही बघायचे. १० जूनला रात्री नऊला सुरुवात केली, कारण दिवसा मोठ्या गाड्या त्या भागात आणायची पंचाईत. वारा असा की ताडपत्रीचे कोपरे दोघांनी धरावे लागत. टोळीचे नऊ, आमचे अकरा. फार्मासिस्ट मॅडम यादीवर. शेठ स्वतः सातव्या पायरीवर उभे राहिले, सफारीची बाही दुमडून. पहिली दहा मिनिटं गोंधळ, कुणाचा खोका कुणाच्या पायावर. मग चौदाव्या पायरीवरच्या हमालाने "घे-दे, घे-दे" असा ठेका धरला आणि एका लयीत माल उतरायला लागला. सिरपची खोकी आली की वरून मामा ओरडायचे, "काच!" आणि ठेका आपोआप धिमा व्हायचा. तासाला चारशेच्या आसपास. पडून राहणारा माल आधी, चालू माल शेवटी, म्हणजे तिकडे तो दाराशी राहील. हा क्रम मामांचा.

पहाटे साडेतीनला तिसरी आयशर माजिवड्याच्या पुढे बंद पडली. दुसरी गाडी पाठवायला अडचण नव्हती, पण राज्यातल्या राज्यात लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं आणि त्याच्या भाग-ब मध्ये गाडीचा नंबर असतो. गाडी बदलली की तो भाग बदलायचा. पासवर्ड होता बिलिंगवाल्या ताईकडे, आणि ती रात्री बाराच्या गाडीने विरारला गेलेली. फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला. "नंबर बोल," एवढंच म्हणाली. चार मिनिटांत झालं. झालं म्हणजे झालं, स्क्रीनचा फोटोही पाठवला तिने. तिचं नाव भिवंडीला न येणाऱ्यांच्या यादीत होतं. ती आता घरूनच बिलिंग करते, आठवड्यातून एकदा येते. तशी सोय करता येईल हे मला त्या पहाटेच सुचलं.

इन्सुलिन आणि लशी सगळ्यात शेवटी, रविवारी संध्याकाळी. दोन ते आठ अंशांच्या बाहेर जाता कामा नये. लोकांना वाटतं गरम होण्याची भीती, पण गोठण्याची भीती जास्त. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं, वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक मॅडमनी टेबलावर मांडून ठेवले आणि कुणालाही हात लावू देईनात. शेठ घड्याळ बघतायत, गाडी खाली सुरू. मॅडम दर पाच मिनिटांनी एक पॅक उचलायच्या, कानाशी नेऊन हलवायच्या, परत ठेवायच्या. पॅकवरचं दव पुसायच्या. बऱ्याच वेळाने एकदा हलवल्यावर आत पाण्याची बारीक खळखळ आली. "आता भरा," म्हणाल्या. म्हणजे पॅकच्या कडेचा बर्फ वितळायला लागलाय, आता तो औषध गोठवणार नाही. मग थर्मोकोलची पेटी, मध्ये पुठ्ठा, तापमान नोंदणारा लॉगर. भिवंडीला पेटी उघडली तेव्हा आकडा ४.६ होता. मॅडमनी सही केली आणि 'पाहिलं कोणी' पुढे शेठना सही करायला लावली. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, मगच केली.

१५ जूनला वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर गेलं. मुंबईत पाऊस २५ जूनला आला. आम्ही वाचलो ते त्या उशिरामुळे, माझ्या नियोजनाने नाही.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. पंधरा-वीस ऑर्डरी रोज उशिरा. अकरा खोके सापडत नव्हते. मामा यायचे त्या दिवशी एक-दोन सापडायचे. जुलैअखेर नऊ सापडले, मामांचं येणं संपलं, आणि दोन राहिले. दोन्ही खोकल्याच्या सिरपचे. जुन्या जागेचा परवाना परत करायचा तर तिथे एकही औषध शिल्लक नाही असं लिहून द्यायचं होतं, आणि माझ्या यादीत दोन खोके कमी होते. शेठ दर आठवड्याला विचारायचे, "मिळाले?" मी म्हणायची, "मिळतीलच." ते नुसते बघायचे.

ऑक्टोबरमध्ये मामांना फोन केला. पलीकडे चाळीतला आवाज, कुणाचा तरी टीव्ही. त्यांनी नाव ऐकलं, बॅच विचारला.

"जुनी जागा रिकामी झाली ते कुणी बघितलं?"

"मीच."

"आणि यादीवर सही?"

तीही माझीच होती. त्या रात्री दमून सगळे गेले होते, मी एकटीने दिवा घेऊन फिरून दोन्ही ठिकाणी सही केली होती.

"जिन्याखाली बघ," मामा म्हणाले. "चौदाव्या पायरीच्या खाली, आत. वळणावर कुणीतरी बाजूला ठेवलं असणार."

दुसऱ्या दिवशी बिलिंगवालीला मरीन लाइन्सला उतरायला सांगितलं आणि दोघी मोबाइलचा दिवा लावून जिन्याखाली वाकलो. दोन्ही खोके तिथे होते. त्यांच्या मागे तिसराही एक होता, जो कुठल्याच यादीत नव्हता.